गडगा ओलांडायची रीत

माझं शेवटचं पोस्टिंग माझ्याच गावात झालं, आणि तेही पलटण सोडून बरीच वर्षं उलटल्यावर. कागदावर त्याला पोस्टिंग म्हणत नसत. मालवणच्या या पट्ट्यात गवे सड्यावरून, म्हणजे वरच्या उघड्या कातळाच्या पठारावरून, खाली बागायतीत उतरायला लागले, तेव्हा वनखात्याने मदतीला दोन माजी सैनिक घेतले. एक मी आणि दुसरा येसो. हातात रायफल आली आणि उद्या कुठे हजर व्हायचं ते सांगणारा कुणी साहेब आला, म्हणजे आमच्या लेखी ते पोस्टिंगच.

मी सुभेदार म्हणून घरी आलो, येसो हवालदार म्हणून. आम्ही एकाच वाडीतले, भरतीही एकाच दिवशी झालेली. त्याची बरीचशी नोकरी कोतीत गेली. कोत म्हणजे पलटणीचं शस्त्रागार. माझ्या बढतीवरून तो मला आयुष्यभर चिडवत आला. ‘‘तुका माणसांशी बोलूक येता, म्हणान सुबेदार झालंस. माका बंदुकीशी बोलूक येता, म्हणान कोतीत रवलंय,’’ असं म्हणायचा. ते खरंच होतं.

हे लिहायला बसलो त्याला कारण आहे. गावात दुकानावर, लग्नाच्या मांडवात, अगदी देवळाच्या पायरीवरसुद्धा लोक एकच गोष्ट बोलतात. ‘‘येसोन बंदूक रिकामी केल्यान कित्याक? भरलेली असती तर आज जितो असतो.’’ हातात चहाचा ग्लास धरून बोलणं सोपं असतं. मला राग येतो आणि राग आला की मी उठून चालू लागतो. त्यामुळे उत्तर द्यायचं राहूनच गेलं. ते आता देतो.

येसोच्या थोरल्या भावाला आम्ही भाई म्हणायचो. आमच्या लहानपणी गावात रान काढायचे. रान काढायचं म्हणजे एका बाजूने ओरडत, डबे वाजवत डुकराला उठवायचं आणि दुसऱ्या बाजूला बंदुकवाल्यांनी बसायचं. हे सगळं आता बेकायदा आहे आणि ते बरंच झालं. तेव्हा मात्र तो गावाचा मान होता. निघण्याआधी देवाला गाऱ्हाणं घातलं जायचं, नारळ ठेवला जायचा, ‘व्हय म्हाराजा’ म्हणून सगळे हात जोडायचे. अशाच एका दिवशी भाई खांद्याला ठासणीची बंदूक लावून गडगा चढला. गडगा म्हणजे आमच्याकडची चिऱ्याची कुंपणाची भिंत, छातीपर्यंत उंच आणि वरचे दगड सुटे. करवंदीच्या जाळीत बंदुकीचा घोडा अडकला. भाई गडग्याच्या पलीकडे पडला तो उठलाच नाही. भावाला उचलून आणणाऱ्यांत येसो होता. ओठांवर मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा त्याला.

त्यानंतर येसो गडग्याला देवाइतकंच मानायचा. फौजेतही अडथळा ओलांडताना शस्त्र सुरक्षित करायचा नियम असतोच. येसोने त्यात स्वतःची भर घातली होती. गडगा आला की थांबायचं. गोळ्या काढायच्या, चेंबर उघडून मागच्या माणसाला दाखवायचा. ‘‘बघ,’’ असं म्हणायचं. मागच्याने नुसतं बघून भागत नाही, करंगळी आत घालून चाचपायचं आणि ‘‘बघलंय’’ म्हणायचं. मग ‘‘घे.’’ त्या मागच्याने ‘‘घेतलंय’’ म्हटल्याशिवाय हात सोडायचा नाही. मोकळ्या हातांनी गडगा ओलांडायचा. गोळ्या ओलांडणाऱ्याच्या कमरेला राहणार, बंदूक मागे राहिलेल्याच्या हातात. पलीकडे गेल्यावर दस्त्याकडून बंदूक घ्यायची, भरायची आणि मागच्यावर नजर ठेवून त्याला ओलांडू द्यायचं. जोवर माणूस गडग्यावर आहे तोवर बंदूक आणि गोळी एका हातात येता कामा नये. एवढीच रीत.

पलटणीत त्याने ही रीत कित्येक रंगरुटांच्या डोक्यात बसवली. घरीही सोडली नाही. त्याच्याकडे शेतीच्या राखणीसाठी परवान्याची एकनळी बंदूक होती. त्याची बायको सुशीला तारकर्लीची. तिच्या माहेरी होड्या आणि जाळी, बंदूक कुणी हातात धरलेली नाही. लग्न झाल्यावर याने चूल दाखवायच्या आधी बंदूक कशी घ्यायची ते दाखवलं, असं ती लोकांना हसत सांगायची. येसो मान खाली घालून जेवत राहायचा.

खात्याची रायफल थ्री सेव्हन्टी-फाइव्ह मॅग्नम होती, बोल्टची. ती आमच्या हातात आली तेव्हा तिची दशा वाईट होती. फौजेतली रायफल माणसासाठी असते. गव्यासारख्या जनावराला ती नुसती डिवचेल. टनभर वजनाचं जनावर पुढून येत असताना थांबवायचं तर गोळी जड हवी आणि ती हाडातून आत जायला हवी. अशी रायफल खांद्याला जोराचा धक्का देते. पहिल्या दिवशी चांदमारीला, नेमबाजीच्या सरावाला, मी दोन राउंड मारले आणि संध्याकाळी सुशीलाने मला हळद लावून दिली. येसो म्हणाला, ‘‘सुबेदार झालंस तरी दस्तो खांद्याक घट धरूक शिकलंस नाय.’’

त्या रायफलला त्याने आठवडाभर अंगणात घेऊन बसून माणसात आणलं. पुलथ्रूची दोरी ओढून नळी साफ केली. दस्त्याला गेलेली बारीक चीर भरून घेतली. चामड्याचा स्लिंग चालताना करकरायचा, तो काढून कापडी लावला. गोळ्या पाऊचमध्ये एकमेकींवर वाजू नयेत म्हणून नळी पुसायची स्वच्छ चिंदी घ्यायचा आणि तीन तीन गोळ्या एका वळकटीत गुंडाळायचा. मॅगझिनमध्ये तीन मावतात, म्हणून एका वळकटीत तीनच. पाण्याची बाटली प्लॅस्टिकची, तीही भरलेली, म्हणजे आत पाणी डुचमळत नाही. पायात कॅनव्हासचे बूट, कारण सड्यावरच्या कातळावर कडक तळवा टपटप वाजतो. लोकांना वाटतं मोठ्या जनावराच्या मागे जायला मोठं धाडस लागतं. मोठा कंटाळा सोसायची ताकद लागते. शंभर वेळा जायचं आणि एकदाही गोळी उडू द्यायची नाही, हीच आमची नोकरी होती. येसोला तिचा अभिमान होता.

त्या गव्याच्या पुढच्या पायात तार होती. डुकरासाठी कुणीतरी लावलेला फास. तार मांसात रुतून पाय सुजला होता आणि दुखण्याने जनावर पिसाळल्यासारखं झालं होतं. काजूच्या बागेत बी वेचणाऱ्या बायकांच्या अंगावर ते दोनदा धावून गेलं. मारून टाका, असं गाव म्हणत होतं. सावंतवाडीहून जनावरांच्या डॉक्टर बाई आल्या, वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्या म्हणाल्या, ‘‘बेशुद्ध करते, तार कापते. आठ-पंधरा दिवसांत तो चालायला लागेल. मला फक्त जवळ जाऊ द्या.’’

आदल्या संध्याकाळी येसोच्या पडवीत आम्ही कामाची वाटणी केली. बेशुद्धीच्या औषधाचा डार्ट डॉक्टर बाई मारणार. येसो रायफल घेऊन त्यांच्या पुढे. मी वायरलेसचा हँडसेट घेऊन मागे. रेंजर साहेब जीप घेऊन रस्त्यावर थांबणार. सुशीलाने विचारलं, ‘‘मारतलास तेका?’’

‘‘नाय,’’ येसो म्हणाला. ‘‘तार काडूची आसा. तेचा काय चुकला?’’

सकाळी निघताना त्याने तुळशीसमोर हात जोडले. मोठं गाऱ्हाणं घातलं नाही. बाईंना रायफल उघडून दाखवली, भरली, सेफ्टी लावली आणि म्हणाला, ‘‘मॅडम, मी थांबलो की थांबायचं. मी बसलो की बसायचं. का ते नंतर विचारा.’’ बाईंशी तो पलटणीतल्यासारखा शुद्ध बोलायचा.

गवा बागेच्या खालच्या अंगाला उभा होता. वारा आमच्याकडे. येसोने बाईंना एका मोठ्या काजूच्या आडोशाला नेलं आणि स्वतः बाजूला गुडघा टेकून बसला. डार्ट मांडीत लागला. गवा एकदा उसळला आणि सड्याकडे पळत सुटला. औषध चढायला वेळ लागतो, तोवर जनावर चालत राहतं. सड्यावर पुढे पाणी भरलेली जुनी चिरेखाण होती. गुंगीत त्यात पडला असता तर बुडून मेला असता. म्हणून मागोमाग जाणं भाग होतं.

मी हँडसेटवर मेसेज दिला; वन म्हणजे आम्ही, टू म्हणजे जीपमधले रेंजर साहेब. ‘‘वन फॉर टू. डार्ट लागलाय. जनावर सड्याच्या दिशेला. आम्ही मागावर. ओव्हर.’’

‘‘टू फॉर वन. रॉजर. अंतर ठेवा. ओव्हर.’’

पाचोळा वाळलेला. येसो टाच न टेकता चालत होता, मध्येच थांबून ऐकत होता. सड्याच्या कडेला गडगा लागला. गव्याने तो एका ठिकाणी छातीने ढासळवून वाट केली होती आणि पलीकडे मोकळ्या कातळावर निघून गेला होता. कातळावर माग राहत नाही. त्या खिंडारात करवंदीची जाळी कोसळलेली, म्हणून येसो थोडा बाजूला, उभ्या गडग्याशी आला. त्याने पलीकडे बराच वेळ पाहिलं. मीही बाईंच्या पुढे येऊन दुर्बीण लावून पाहिलं. कातळ रिकामा दिसत होता.

येसोने गोळ्या काढल्या, चिंदीत गुंडाळून पाऊचमध्ये टाकल्या. बोल्ट मागे ओढून रायफल माझ्यापुढे धरली.

‘‘बघ.’’

‘‘बघलंय.’’

‘‘घे.’’

‘‘घेतलंय.’’

तो गडगा चढला आणि पलीकडे उतरला. रायफल घ्यायला त्याने माझ्याकडे हात केला आणि तेवढ्यात डावीकडची जाळी हलली.

गवा पुढे गेलाच नव्हता. तो गडग्याच्या सावलीला धरून मागे फिरला होता आणि जाळीत उभा राहिला होता. दुखावलेला गवा असं करतो, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. औषध अर्धं चढलेलं, तोंडाला फेस. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या आणि येसोच्या मध्ये एखाद्या अंगणाएवढी जागा होती. रायफल माझ्या हातात होती आणि गोळ्या येसोच्या कमरेला.

येसोच्या पाठीशी कुंभ्याचं झाड होतं, पहिली फांदी हाताला लागेल अशी. पलटणीतला माणूस साठीतही अशा झाडावर चढतो. मी ते झाड पाहिलं आणि त्यानेही पाहिलं. पण खिंडार माझ्या बाजूला उघडं होतं आणि माझ्यामागे डॉक्टर बाई उभ्या होत्या, मोकळ्या जागेत, रिकाम्या डार्टगनसह. येसो झाडावर गेला असता तर गवा खिंडारातून आमच्यावर आला असता आणि आमच्याकडे नुसतं लोखंड होतं.

रायफल माझ्याकडून घेऊन भरायला त्याला वेळ नव्हता. त्याने झाडाकडे पाठ केली. पाऊचमधून वळकटी काढली आणि गडग्यावरून माझ्याकडे टाकली. घाईने फेकली नाही. चांदमारीला रंगरुटाकडे टाकावी तशी, सरळ माझ्या छातीवर. मी ती झेलली. चिंदी सोडवून तिन्ही गोळ्या मॅगझिनमध्ये दाबेपर्यंत गवा त्याच्यापर्यंत पोचला होता.

मी गडग्यावर रायफल टेकवून पहिली गोळी मारली ती खांद्यात. गवा वळला. दुसरी मानेच्या मुळाशी. तो गुडघ्यांवर आला आणि कुशीवर कोसळला. माझ्या हाताने सवयीने बोल्ट मागेपुढे केला.

येसो कुंभ्याच्या बुंध्याशी पडला होता. मला दुसरं काही दिसत नव्हतं. मी रायफल तशीच हातात धरून गडग्यावर पाय ठेवला. वरचा दगड हलला.

‘‘विठू, थांब.’’

आवाज बारीक होता, पण कोतीतला होता. मी थांबलो.

‘‘तीन दिलंय. दोन वाजली. आत एक आसा, ती काड.’’

मी बोल्ट उघडला. तिसरी गोळी उडून पाचोळ्यात पडली. मी करंगळी आत घातली.

‘‘बघलंस?’’

‘‘बघलंय, येसो.’’

मग त्याने डोळे मिटले. मी रायफल बाईंच्या हातात दिली आणि गडगा ओलांडला. बाईंनी आपली ओढणी आणि माझा शर्ट मिळून त्याच्या पोटावर दाबून धरला. माणसाचं शरीर त्यांच्या अभ्यासातलं नव्हतं, पण कुठे दाबायचं ते त्यांना कळत होतं.

‘‘वन फॉर टू. गाडी सड्यावर घ्या. माणूस जखमी. ओव्हर.’’

‘‘कोण माणूस? ओव्हर.’’

‘‘येसो. लवकर या. ओव्हर.’’

मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मी बोलत होतो, काय ते आठवत नाही. बहुतेक सुशीलाचं नाव घेत होतो. त्याने एकदा माझं मनगट धरलं, मग त्याची पकड सैल झाली. बाईंनी त्याच्या मानेला बोटं लावली, पुन्हा लावली आणि मान हलवली.

‘‘टू फॉर वन. आम्ही आलोच, वळणावर आहोत. धीर धरा. ओव्हर.’’

मी बटण दाबलं. ‘‘वन फॉर टू. घाई नको आता. ओव्हर.’’

पलटणीत मी माणसं गमावली आहेत. सरहद्दीवर, बर्फात, एकदा साध्या ट्रकच्या अपघातात. त्या वेळी पुढचं काम असायचं, रिपोर्ट असायचा, बाकीची माणसं सांभाळायची असायची. इथे काहीच नव्हतं. सड्यावर ऊन चढत होतं आणि खाली दूर समुद्र दिसत होता. मी लहान पोरासारखा रडलो. जीप आल्यावरही रडत होतो आणि मला त्याची लाज वाटत नाही.

निघण्याआधी डॉक्टर बाई मेलेल्या गव्याजवळ गेल्या आणि त्यांनी त्याच्या पायातली तार कापून काढली. आता कशाला, असं रेंजर साहेब म्हणाले. बाईंनी तार गुंडाळून पिशवीत टाकली. मला वाटतं, येसो असता तर त्याने तार कापेपर्यंत तो पाय धरून ठेवला असता.

तेराव्यानंतर काही दिवसांनी सुशीलाने मला बोलावलं. घरातली एकनळी पोलीस स्टेशनात जमा करायची होती. परवाना ज्याच्या नावावर तो गेला, म्हणजे बंदूक घरात ठेवता येत नाही. परवान्याचं पुढचं काम ओरोसला, जिल्ह्याच्या कचेरीत. मी पडवीत बसलो. तिने पाणी दिलं आणि समोर जमिनीवर बसली.

‘‘शेवटाक काय बोललो तो?’’

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. खोटं सांगायचं मी ठरवलंही होतं. ‘तुमचं नाव घेतलं’ असं म्हणायला काय लागतं? पण तिच्यासमोर ते जमलं नाही. मी होतं तसं सांगितलं. गडग्यावरचा माझा पाय, सुटा दगड, तीन दिलंय, दोन वाजली. सांगून झाल्यावर मला वाटलं, चुकलो. एवढी वर्षं ज्याच्या वाटेकडे डोळे लावून काढली, त्या माणसाने शेवटी रायफलची गोष्ट करावी, हे कुठल्या बाईने ऐकावं?

तिने पाण्याचा रिकामा पेला उचलून बाजूला ठेवला.

‘‘लोक म्हणतत, बंदूक रिकामी केल्यान म्हणान गेलो,’’ ती म्हणाली. ‘‘तुमी तशेच चडलास असतास तर?’’

मला पायाखाली हललेला तो दगड आठवला.

‘‘भाई गेले तेवा ह्यो त्येंच्या मागे होतो. थांबा म्हणूक तेच्या तोंडातसून शब्द इलो नाय. माका कितीदा सांगितल्यान. झोपेतय वराडायचो, थांब म्हणान.’’ तिने पदराने डोळे पुसले. ‘‘ह्या टायमाक इलो. बरा झाला.’’

हे मला माहीत नव्हतं. आयुष्यभर त्याच्याबरोबर होतो, एका बराकीत झोपलो, आणि हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं. दुकानावर बोलणाऱ्यांना मी याच्यापुढे काय सांगू? येसोची रीत चुकली नाही. त्या रीतीने त्याला वाचवलं नाही, पण मी आज हे लिहितो आहे तो तिच्यामुळेच.

सुशीला उठली, आत गेली. माळ्यावरून बंदूक काढल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा नळी जमिनीकडे होती आणि बोट घोड्यापासून लांब. माझ्यासमोर उभी राहून तिने बिजागरीतून नळी वाकवून बंदूक उघडली आणि पुढे धरली.

‘‘बघा.’’

मी उभा राहिलो. करंगळी आत घातली. आत तेलाचा हात फिरलेला होता, ताजा.

‘‘बघलंय.’’

‘‘घेवा.’’

मी दोन्ही हातांनी बंदूक धरली. ती सोडेना. माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

‘‘घेतलंय,’’ मी म्हणालो.

तेव्हा तिने हात सोडला.